दोन हेल्मेटं आणि एक खर्रा

माझ्या पाठीवर अख्खी अमरावती थुंकलेली आहे. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर अकोलाही जोडला असता. पण अकोल्याची पाळी पुढे येणारच आहे.

धंदा साधा आहे. मोबाइल वाजतो, मी दुचाकी घेऊन पोचतो, माणूस मागे बसतो, सांगितलेल्या ठिकाणी उतरतो. राजापेठ ते बडनेरा, गाडगेनगर ते इर्विन चौक, असं दिवसभर. जाहिरातीत मागे बसलेली पोरगी हसत असते आणि तिचे केस वाऱ्यावर भुरभुरत असतात. माझ्या मागे बसणाऱ्याच्या तोंडातून जे भुरभुरतं, ते जाहिरातवाल्यांनी कधी दाखवलं नाही.

आमच्याकडे माणूस भाकरीशिवाय राहील, खर्ऱ्याशिवाय राहणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पानठेलेवाला तो खर्रा असा घोटतो, जसं काही औषध करून राहिला. कायद्याने सगळं बंद आहे, म्हणून तर एका चौकात चारच ठेले दिसतात. ती पुडी गालात ठेवून माणूस माझ्या मागे बसतो. चौकापर्यंत तोंड भरतं. चौक ओलांडला की मला मानेवर एक उबदार श्वास जाणवतो, आणि मी समजतो, की आता आलं.

एकदा राजापेठच्या उड्डाणपुलावर एका भाऊंनी सोडलेली पिचकारी माझ्या कानामागून निघाली, उजव्या आरशावर आपटली, आरशातून परत फिरली आणि माझ्या डोळ्यात येऊन विसावली. मी गाडी लटपटत कडेला घेतली. भाऊ मागून म्हणतात, "सांभाळून चालवा ना जी, माझ्या अंगावर उडून राहिलं!"

मी म्हटलं, "भाऊ, हे तुमचंच आहे."

"माझं असलं म्हणून काय झालं? गाडी तुमची आहे ना!"

या न्यायाला शहरात कुठेच अपील नाही. मी पांढरा शर्ट घालणं सोडलं. मग निळा सोडला. शेवटी विटकरी रंगाचे चार शर्ट शिवून घेतले. त्यांच्यावर डाग पडतो की मूळ रंग दिसतो हे मला स्वतःला कळेनासं झालं. शिंप्याने विचारलं, "हा रंग काहून?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकांच्या पसंतीचा आहे."

पण थुंकी तरी उघड्यावर असते. खरा नरक म्हणजे दुसरं हेल्मेट.

मागे बसणाऱ्याला हेल्मेट द्यावं लागतं. ते एकच असतं आणि डोकी दिवसाला पंधरा. त्या हेल्मेटच्या अस्तरात अमरावतीची जेवढी माहिती साठलेली आहे तेवढी कोणत्याच कचेरीत नसेल. आवळ्याचं तेल आहे, खोबऱ्याचं आहे, मेंदी आहे, कोंडा तर वाटीभर निघेल. एक बाई भाजी मंडीतून बसली, तिच्यानंतर आठवडाभर हेल्मेटमधून सांभार, म्हणजे कोथिंबीर, सडल्याचा वास येत होता. एका माणसाने तर उतरताना हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि त्यातून एक जिवंत ऊ शांतपणे काठावर आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि परत आत गेली. तिला आतच बरं वाटलं. मी ते हेल्मेट उन्हात ठेवायचो, धुवायचो, निंबाचा पाला कोंबायचो. मग एकच गिऱ्हाईक बसायचं आणि सगळं होतं तसं व्हायचं. मी ते दोन बोटांनी धरायचो, मेलेला उंदीर धरतात तसं. स्वतःच्या डोक्यावर मी ते कधीच घातलं नव्हतं. घालायची वेळ आली तर टक्कल करून संन्यास घेईन, असं मी आईला सांगून ठेवलं होतं.

एवढं सगळं ऐकून वाचणाऱ्याचा असा समज होईल, की हा माणूस फार स्वच्छ. तर तसं नाही. खर्रा मीही खायचो. दिवसाला सहा, उन्हाळ्यात आठ. पण माझी थुंकी शिस्तीची होती. हेल्मेटची काच नेहमी वर, मान उजवीकडे, मागे सवारी असेल तर गिळून घ्यायचं, रस्ता मोकळा असेल तरच सोडायचं. दुसऱ्याची थुंकी म्हणजे घाण आणि आपली म्हणजे सवय, हा फरक मला जन्मापासून समजत आला आहे.

आईला तो समजत नव्हता. ती रोज सकाळी वंदनेला बसायची तेव्हा मलाही बसवायची. वंदना झाली की म्हणायची, "पंचशील ज्या तोंडानं म्हनतो त्याच तोंडात खर्रा कोंबतो. लाज नाही वाटत तुले?"

"आई, पाचव्या शीलात दारू आहे. खर्रा नाही."

"भगवंताले दिसला असता त लिवला असता!"

आईची दुसरी काळजी लग्नाची होती. मी एकतीस वर्षांचा झालो होतो. मुलीवाले पहिला प्रश्न विचारत, नोकरी कुठे? मी सांगायचो, रस्त्यावर. पुढचा प्रश्न येत नसे. शेवटी आईने माझा बायोडाटा नव्याने करायला लावला. मी एका नेट कॅफेवाल्याकडे गेलो. त्याने नाव, उंची, शिक्षण टाकलं आणि कागद छापून दिला. त्यात खाली एक ओळ होती: 'मुलगा निर्व्यसनी आहे.'

मी म्हटलं, "हे कोनी सांगतलं?"

तो म्हणाला, "साचाच तसा आहे ना बाप्पा. साऱ्यांच्यात येते. काढाची असन त सांग, काढून देतो."

मी काढ म्हणालो नाही. त्या वेळी तोंड भरलेलं होतं, बोलणं सोयीचं नव्हतं. पुढे जे झालं ते या एका ओळीमुळे झालं.

तो कागद फिरत फिरत अकोल्याला पोचला. मुलगी तिथल्या एका खासगी लॅबोरेटरीत कामाला होती. वडील नव्हते, आई होती आणि मामा होता. मामाने निरोप धाडला: मुलीची अट एकच, मुलगा खर्रा खाणारा नको. काम कोणतंही चालेल. दुचाकी चालवतो तर चालवू द्या, हातगाडी ओढत असेल तरी चालेल, पण खर्रा नको. आईने तो निरोप मला तीनदा ऐकवला. चौथ्यांदा ती नुसती माझ्या गालाकडे पाहत बसली. मला कळलं, की आता ही सोयरीक गेली तर आई दुसरी शोधणार नाही. आणि खरं सांगायचं तर फोटो पाहिल्यापासून मलाही ती जाऊ द्यायची नव्हती. फोटोत ती हसत नव्हती. माझ्या धंद्यात सगळेच हसत बसतात आणि उतरताना शर्ट रंगवून जातात. न हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास लवकर बसतो.

आई आदल्या दिवशीच गाडीने अकोल्याला मावशीकडे गेली. मी रविवारी सकाळी दुचाकीवर निघायचं ठरलं. आईने जाताना पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला होता. कित्येक वर्षांनी अंगावर पांढरं कापड. मी आरशात पाहिलं आणि स्वतःला ओळखलं नाही.

एप्रिल संपत आला होता. ऊन असं की बडनेरा ओलांडेपर्यंत टाकीतलं पेट्रोल उकळल्याचा आवाज येत होता. आदल्या संध्याकाळी शेवटची सवारी एक काका होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा सेवानिवृत्तीचा सत्कार, म्हणून केसांना काळा कलप लावून थेट न्हाव्याकडून बसले होते. कलप पुरता वाळलाही नव्हता. दुसऱ्या हेल्मेटमध्ये तो होता. मी ते मागच्या सीटला बांधलं होतं. माझं स्वतःचं, चांगलं, चकचकीत हेल्मेट माझ्या डोक्यावर.

मूर्तिजापूरला मी थांबलो. खर्रा मी दोन दिवस बंद ठेवला होता, आणि दोन दिवसांत मला माझीच जीभ परकी वाटत होती. ठेल्यासमोर उभा राहून मी स्वतःला समजावलं: हा शेवटचा. चाळीस किलोमीटर आहेत अजून, पोचण्याआधी चूळ भरू, विलायची चघळू, कोणाच्या बापाला कळणार नाही. ठेलेवाल्याने सुपारी जाड ठेवली. मला जाडच आवडायची. दातांना काम लागतं.

आता नीट ऐका. एरवी माझी काच वर असते, हे मी आधीच सांगितलंय. पण त्या दिवशी गरम वारा तोंडावर येऊन चेहरा काळवंडू नये म्हणून मी काच खाली ओढून पक्की बसवली होती. मुलगी पाहायला चाललेला माणूस असल्या गोष्टी करतो. गाडी चाललेली, रस्ता मोकळा, डोक्यात तो फोटो. तोंड भरलं. दहा वर्षांच्या सवयीने मान उजवीकडे वळली, गाल फुगला, आणि मी सोडली.

आयुष्यात इतकी जोरदार पिचकारी मी कधी मारली नव्हती. ती काचेवर फुटली आणि चारी बाजूंनी घरी परत आली. डोळ्यांत, नाकात, मिशीत, अस्तरात. समोरचा हायवे नाहीसा झाला. सगळं तपकिरी. पुढून ट्रकचा हॉर्न येतोय, तो उजवीकडून की डावीकडून कळेना. मी काच वर करायला गेलो तर ती अडकलेली. श्वास घेतला तर चुना नाकात. बुडून मरणारी माणसं नदीत मरतात. मी स्वतःच्या थुंकीत मरतो की काय, अशी वेळ आली. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल तेही दिसून गेलं, आणि त्या बातमीतही मला निर्व्यसनी म्हटलं होतं.

कशीबशी गाडी कडेला लावली, हेल्मेट उपटून काढलं आणि बाभळीखाली बसून पाच मिनिटं नुसता ओकलो. मागे बसणाऱ्या हजार माणसांनी मिळून मला जेवढी किळस आणली नव्हती तेवढी माझी मला आली. आरशात पाहिलं. सुपारीचा एक तुकडा भुवईला चिकटून होता.

पुढे एका शेताच्या बोरवर पाणी मिळालं. पण तो सगळा खारपाणपट्टा, पाणी मचूळ. साबण घासला तर फेस येत नाही, नुसता साबण दुःखी होतो. तोंड निघालं. शर्टाला एवढासाच थेंब लागला होता, कॉलरच्या आत, तो दडला. गळ्यातल्या दुपट्ट्याचं काही खरं नव्हतं, तो तिथेच सोडला. पण हेल्मेट निघेना. बाहेरून चकाचक, आत अस्तराने सगळं पिऊन घेतलेलं. जाड जाड सुपारी शिवणीत अडकलेली. ते मी हँडलला लटकवलं, वाळेल म्हणून.

आणि अकोल्याच्या वेशीवर हेल्मेटची तपासणी असते.

मी दुसऱ्या हेल्मेटकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. संन्यास घेण्याइतका वेळ नव्हता. मी डोळे मिटले, श्वास कोंडला आणि पंधरा गुणिले सगळे दिवस एवढी डोकी माझ्या डोक्यावर चढवली. आत ओल होती. ओल कशाची, याचा मी विचार केला नाही. त्या उवेची आठवण आली, तिचाही विचार केला नाही.

मुलीच्या घरी पोचलो तेव्हा दारातच माझी आई उभी होती. मला पाहून तिचा हात तोंडावर गेला.

"हे काय लावून आला कपाळाले?"

मी गाडीच्या आरशात वाकलो. घामाने काकांचा कलप उतरून माझ्या कपाळावर इकडून तिकडे दोन बोटं रुंदीचा काळा पट्टा उमटला होता. मी आईच्या पदराने पुसायला गेलो, तो कानापर्यंत पसरला. आई कुजबुजली, "राहू दे आता. उनाचं आहे म्हन."

आत सगळ्यांचा जयभीम झाला. मामा म्हणजे उंच, हाडकुळे गृहस्थ, बोलताना ओठ आत जायचे. उन्हाळ्याने हिरड्या सुजल्या म्हणून कवळी काढून ठेवली होती. पोहे चहात भिजवून खात होते. मुलगी समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. फोटोसारखीच, न हसता. तिने माझ्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि मला वाटलं, हिला कलप कळला.

"तुमी कागदावर निर्व्यसनी लिवलं," ती म्हणाली. "खरं आहे ना?"

मी चमच्यातल्या पोह्यांकडे पाहत म्हटलं, "हो."

"मंग ठीक आहे. मले बाकी काही विचारायचं नाही. मी लॅबमधी दिवसभर लोकायची थुंकी तपासतो. क्षयाचे पेशंट येतात, डबीत थुंकी देऊन जातात, मी काचेवर घेतो अन् पाहतो. मले थुंकीची किळस नाही येत. पन घरी आल्यावर पुन्ना तेच नोको."

आता सांगा. जगात एवढ्या मुली. माझ्या जन्माचा वैरी थुंकी, आणि मला मुलगी सांगून आली तीही थुंकीतली तज्ज्ञ! मी विलायची आणखी जोरात चघळली.

चहा झाला. मामा उठले. "चला जावई... म्हनजे अजून नाही म्हना, पन चला, मले जरा चौकापर्यंत नेऊन आना. तुमची गाडी कशी चालते ते पाहू." डोळा असा बारीक केला, की मला वाटलं, यांना पोरगी नसलेल्या जागी दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

मी दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. नवे बूट, नाड्या लांब. मान वर केली तर मामा गाडीपाशी पोचलेले. मागच्या सीटवर ते तेलकट, कलपाचं, पोटातलं अस्तर बाहेर आलेलं हेल्मेट. हँडलला लटकलेलं माझं चकचकीत. कोणता शहाणा माणूस पहिलं उचलेल? मामांनी हँडलवरचं काढलं.

इथे मला थांबायला हवं होतं. 'मामा, ते नोको,' एवढे तीनच शब्द. पण ते नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. दारात मुलगी उभी, तिची आई उभी, माझी आई उभी. माझ्या जिभेवर विलायची होती आणि विलायचीखाली ते तीन शब्द. मी नाडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मामांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला, आणि वरून काचही खाली ओढली.

क्षणभर काही नाही. मग त्यांचे खांदे ताठ झाले. काचेआडून डोळे मोठे मोठे होत गेले. मग त्यांनी हुंगलं. सावकाश, जाणकारासारखं, दोनदा. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत मला कळलं की हा माणूस खर्ऱ्यात मुरलेला गडी आहे. याने दात होते तोवर किलोंनी खर्रा खाल्ला आहे. हेल्मेट काढलं तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशीवरून तपकिरी रस ओघळत होता आणि हनुवटीला सुपारी होती.

"मामा!" मुलीची आई ओरडली. म्हणजे तिचा तो भाऊच, पण घरात सगळेच त्याला मामा म्हणत. "पुन्ना खाल्ला? डॉक्टरनं नाही सांगतलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "हो ना बाप्पा. माझाच आहे. आत्ताच एक बार भरला होता."

मी तेव्हाही गप्प होतो. लोक विचारतात, तुझ्या धंद्यात सगळ्यात घाण काय पाहिलं? मी त्यांना हेल्मेटची गोष्ट सांगतो, उवेची सांगतो, ही सांगत नाही. दुसऱ्याच्या मिशीवर माझी थुंकी, आणि मी बुटाची नाडी बांधतोय.

मुलगी पायऱ्या उतरून आली. तिने मामांच्या हातातून हेल्मेट घेतलं, उलटं केलं, उन्हात धरलं. आम्ही सगळे उभे, आणि ती अशी पाहतेय जशी लॅबमध्ये पाहत असेल. मग नखाने शिवणीतून एक तुकडा काढला आणि मामांपुढे धरला.

"मामा, तुमची कवळी आत वाटीत आहे. पोहे तुमाले चावत नाही. ही सुपारी कोनं फोडली?"

मामा म्हणाले, "चघळली असन…"

"याच्यावर दाताची खून आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुमची आहे?"

विलायची मी गिळली. अख्खी. ती अजूनही कुठेतरी अडकलेली असेल.

"हो," मी म्हटलं. "मूर्तिजापूरचा आहे. काच खाली होती, मी विसरलो."

मग मामांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं, ते हसू होतं. पण भाचीने एकदा पाहिल्यावर ते पुन्हा खाली गेलं.

"आमच्याकडे डबीत आनतात," ती म्हणाली. "तुमी हेल्मेटात आनली. ते बी चालते एकवेळ. पन आमचा पेशंट डबीवर सोताचं नाव लिवून देते. गरीब असो, बिमार असो, नाव सोताचंच. अन् तुमी मामाचं नाव लागू देऊन राहिले होते."

मी आजवर शिव्या पुष्कळ खाल्ल्या आहेत. रिक्षावाल्यांच्या, सवाऱ्यांच्या, एकदा एका घोड्याच्या मालकाच्या. पण कपाळावर दुसऱ्याचा कलप आणि हातात स्वतःच्या नाड्या, अशा अवस्थेत हे ऐकणं म्हणजे काय, ते मला वाढवूनही सांगता येत नाही.

आई पुढे आली. मला वाटलं चप्पल काढते. पण ती मुलीला म्हणाली, "पोरी, तुले नाही म्हनायचं असन त म्हन. मी याची बाजू घेत नाही."

मुलगी म्हणाली, "मी नाही बी म्हनत नाही अन् हो बी म्हनत नाही. तो कागद पयले दुरुस्त करा म्हना." आणि हेल्मेट माझ्या हातात देऊन आत गेली.

परतीचे सगळे किलोमीटर मी ते कलपाचं हेल्मेट घालून आलो. चांगलं हेल्मेट मी बोरगाव मंजूच्या पुढे थांबून एका कचऱ्याच्या ढिगावर ठेवलं. पुडीही ठेवली, अर्धी उरली होती. दोन किलोमीटर गेल्यावर पुडीसाठी परत फिरलो, हे लपवत नाही. पण ढिगाऱ्याजवळ एक कुत्रं ती हुंगून शिंकत निघून चाललं होतं. कुत्र्याला जे नको झालं ते उचलायला मी वाकलो होतो. मग नाही उचललं.

दुसऱ्या दिवशी नेट कॅफेत गेलो. 'निर्व्यसनी' काढायला लावलं. त्या जागी काय टाकू म्हणाला. मी सांगितलं, 'खर्रा खात होता, सोडून राहिला आहे.' तो म्हणाला, असं कोणी लिवत नाही. मी म्हटलं, तू लिव. कागद अकोल्याला धाडला. उत्तर आलं नाही.

सोडणं म्हणजे काय गंमत नव्हती. चार दिवस डोकं असं दुखलं की स्वतःसाठी नवं घेतलेलं हेल्मेट घट्ट व्हायला लागलं. मागे बसलेला भाऊ खर्ऱ्याची पुडी उघडायचा तर तो वास माझ्या मानेवरून पुढे यायचा आणि मी सिग्नल तोडायचो. एकदा तर पाठीवर पिचकारी आली आणि माझ्या मनात पहिला विचार आला की माल चांगला आहे. त्या विचाराने मी गाडी थांबवून पुन्हा ओकलो. सवारीने मोबाइलवर मला कमी तारे दिले.

दीड महिना गेला. आई त्या सोयरिकीचं नाव काढत नव्हती. एका दुपारी बडनेरा स्टेशनची सवारी आली. मी पोचलो. नेहमीप्रमाणे दहा-बारा रिक्षावाले कोंडाळं करून उभे होते, मला पाहून त्यांनी नेहमीच्या शिव्या सुरू केल्या. गर्दीतून एक पोरगी माझ्याकडे येताना दिसली. तोंडाला दुपट्टा, खांद्याला पिशवी. मी सवयीने दुसरं हेल्मेट दोन बोटांनी पुढे केलं.

तिने ते घेतलं नाही. पिशवीत हात घातला आणि स्वतःचं हेल्मेट बाहेर काढलं. नवंकोरं, पन्नीसुद्धा न काढलेलं.

"तुमचं तुमच्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली आणि तोंडावरचा दुपट्टा खाली केला. तीच. न हसणारी.

"तुमी… मोबाइलवरून बोलावलं मले?"

"हो. पयले दोघं दुसरेच आले, त्याइले परत धाडलं. कागद मिळाला. कागदावर काय, कोनी बी लिवते. पाहाले आली." ती एक पाऊल जवळ आली. "आ करा."

"इथं?"

"मंग का लॅबमधी?"

रिक्षावाले जवळ सरकले. एकजण म्हणाला, "अबे, याचे दात मोजून राहिली!" दुसरा म्हणाला, "बैल घेऊन राहिली का वं ताई?" ती वळलीही नाही.

मी हेल्मेट काढलं आणि भर दुपारी, बडनेरा स्टेशनसमोर, बारा रिक्षावाल्यांच्या साक्षीने जबडा उघडला. तिने माझी हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवली. मी दुसरं हेल्मेट जसं धरतो, अगदी तसं. डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, जिभेखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक माशी आत जाऊन बाहेर आली.

"दात लय घाण आहेत," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. तोंड उघडंच असल्यामुळे ते नीट ऐकू गेलं नसेल.

"पन ताजं काही नाही." तिने बोटं रुमालाला पुसली, नव्या हेल्मेटची पन्नी फाडली, डोक्यावर चढवलं, पट्टा लावला. मग मागे बसली आणि माझ्या विटकरी शर्टाच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही याचा क्षणभर विचार केला. नाहीच ठेवला. सीटचा मागचा दांडा धरला.

"चला तुमच्या घरी," ती म्हणाली. "आईले सांगायचं आहे. अन् काच वर ठेवा."